तोंड दिसलं तर एकवीस

रविवार, १४ मार्च २०१०. रक्कम रुपये एकवीस. हजर : प्रल्हाद पाईकराव, त्याची बायको कमल, त्यांची बारा वर्षांची सुषमा, मी आणि माझी म्हैस. जागा, हिंगोलीकडच्या गोरेगावातल्या माझ्या घरामागचा गोठा.

दुपारी तीनच्या सुमारास शूटिंग आटोपलं आणि प्रल्हादने दहाच्या दोन नोटा आणि एक नाणं माझ्या हातावर ठेवलं. मी म्हणालो, शेजारी आहोत, गोठ्याचं भाडं कशाला?

"भाडं न्हाई हे," तो म्हणाला. "आन् तुमचं बी न्हाई. म्हशीचं हाय. पिक्चरमधी तिचं तोंड दिसलंय. सरकीची ढेप आणा तिला."

मी दीड तास कंदील धरून उभा होतो. मी विचारलं, "आणि माझं?"

"तुमचा हात दिसलाय, क्लार्कसाहेब. हाताला काई न्हाई."

त्या सिनेमातलं भूत, म्हणजे कमल, हौदावर तोंडाचं पीठ धूत होती. ती तिथूनच म्हणाली, "मला न्हाई का मग एकवीस?"

"तुझं तोंड केसात हाय. नेम म्हंजे नेम."

"ऐका. चौदा वर्षं झाली लग्नाला, आन् ह्या माणसाला माझं तोंड दिसंना."

सुषमा आणि मी हसलो. प्रल्हाद हसला नाही. त्याचे ओठ हलत होते. कॅमेरा अजून चालूच होता आणि आता तो मनात आकडे मोजत होता.

प्रल्हाद जाऊन आता वर्ष होत आलं. मी शाळेत लिपिक आहे. चोवीस वर्षं हजेरी, फी आणि दाखले यांच्यात गेली. माणसाबद्दल लिहायची सवय मला नाही, पण या माणसाकडे मी पंधरा वर्षं तोंड उघडं ठेवून बघत आलो, एवढं नोंदवून ठेवावंसं वाटतं.

बाजाराच्या तोंडाशी त्याचा फोटो स्टुडिओ होता, दहा बाय आठचा. पासपोर्ट फोटो, लग्नाचं शूटिंग, वाढदिवस, यावर घर चालायचं. त्यातून उरलं की तो भुताचा सिनेमा काढायचा. असे त्याने अकरा काढले. सुरुवातीचे सीडीवर निघाले आणि आखाडा बाळापूरच्या बाजारात कपड्यांच्या ठेल्यावर विकले गेले, नंतरचे मोबाइलवर फिरले. लोक त्याला डायरेक्टर म्हणत. त्यात निम्मी थट्टा असे. त्याला ती कळे आणि तो ओही देई.

कुणाच्या घरात शिरला की तो आधी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवून सगळं घर एकदा बघून घ्यायचा, मग रामराम करायचा. आमच्या घरची, सुमन, पहिल्या वेळी घाबरून आत गेली होती. "वहिनी, तुमच्या घरात चांगला अंधार हाय," असं तो तिला म्हणाला. ती आठ दिवस चिडलेली होती. पुढे कळलं की त्याच्याकडून ही मोठी शाबासकी असते.

गंमत अशी की त्याने एकही सिनेमा रात्री काढला नाही. दिवे भाड्याने आणायला पैसे नाहीत आणि दिवसभर राबलेली माणसं रात्री का म्हणून थांबतील? त्याची रात्र दुपारी बारा ते तीन असायची. खिडक्यांना घोंगड्या, कौलांवर ताडपत्री, पत्र्याच्या एका भोकातून येणारा उन्हाचा कवडसा, त्यापुढे निळं प्लास्टिक. बाहेर उन्हाने जीव जायची वेळ आणि आत चांदणं पडलेलं. मी स्वतः त्या खोलीतून बाहेर येऊन घड्याळ बघितलेलं आहे. दोन वाजून दहा मिनिटं. विश्वास बसत नव्हता.

सकाळी बुद्धवंदना म्हणून दुकान उघडणारा माणूस. भूत, करणी, उतारा यातलं काही त्याच्या घरात नव्हतं. मी एकदा विचारलं, भुतावर विश्वास नाही तर भुताचे सिनेमे का काढतोस?

"भूत असतं तर तेच आणलं असतं," तो म्हणाला. "न्हाई, म्हणून तर कमलला पीठ लावावं लागून राहिलं."

पीठ ज्वारीचं. पावडर महाग पडायची. गावातली दुसरी कुठली बाई पांढरं लुगडं नेसून, केस मोकळे सोडून कॅमेऱ्यापुढे उभी राहायला तयार नव्हती, म्हणून अकराही सिनेमांत भूत कमलच. केस कायम तोंडावर. तोंड दाखवलं की भ्या संपलं, असं त्याचं म्हणणं. "तोंड वळखीचं होतंय. वळखीच्याला कोण भेतंय?"

त्याच्या भीतीचा एक नमुना सांगतो, कारण तो खास माझ्यासारख्यासाठी केलेला होता. पाचव्या सिनेमात एक घर दाखवलंय. माणसं पाच. जेवणाची वेळ, पाच ताटं मांडलेली. कॅमेरा सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून फिरतो, चुलीवरून फिरतो, परत ताटांवर येतो. ताटं सहा. कुणी काही बोलत नाही. आवाज नाही, किंचाळणं नाही. सगळे जेवत राहतात.

मी मोजणारा माणूस. खुर्चीत बसल्या जागी माझ्या पाठीतून थंडी गेली. दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं, हे किती लोकांच्या ध्यानात आलं असेल?

"एकाच्या आलं तरी बास. तो घरी जाऊन आपली ताटं मोजतोय."

मी मोजली होती. हे त्याला सांगितलं नाही.

कट म्हटल्यावर कॅमेरा बंद न करण्याची त्याची सवय कुठून आली, तेही त्यानेच सांगितलं. साखरा गावातलं एक लग्न. पाठवणी झाली, नवरी जीपमध्ये बसली, याने शूटिंग बंद केलं, कॅमेरा पिशवीत घातला. तेवढ्यात नवरी जीपमधून उतरली, पळत गोठ्यात गेली आणि बैलाच्या मानेला कपाळ टेकवून उभी राहिली. महिनाभराने नवरीचा बाप कॅसेट न्यायला आला. त्याने एवढंच विचारलं, "ते बैलाचं आलंय का?" ते आलेलं नव्हतं. बापाने पूर्ण पैसे दिले आणि गेला. त्या दिवसापासून कट म्हटल्यावर प्रल्हाद मनात दहा आकडे मोजायचा आणि मगच बंद करायचा. लग्न असो, भूत असो.

"ॲक्शन म्हणलं की ॲक्टिंग सुरू होती," तो सांगायचा. "कट म्हणलं की माणूस."

या दहा आकड्यांपायी किती कॅसेटी वाया जातात याचा हिशेब मी त्याला एकदा करून दाखवला होता. त्याने तो नीट ऐकला आणि सवय सोडली नाही. सगळ्या कॅसेटी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, मध्ये कडुलिंबाचा पाला घालून, ठेवलेल्या असायच्या.

एकदा सेनगावकडचा एक शेतकरी आपल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला घेऊन दुकानात आला. पोरगी बसल्या जागी डोळे फिरवायची, हातपाय ताठ करायची. मी तिथे फोटोच्या कामाला गेलो होतो. शेतकरी हात जोडून म्हणाला, "तुमी भूत आणून दावता, तर तुमाला नेता बी येत असंल." दुकानातली दोन पोरं हसली. प्रल्हादने त्यांना बाहेर काढलं. कमलला बोलावलं, पोरीसमोर बसवलं आणि तिच्या तोंडाला पीठ लावलं, केस पुढे घेतले, मग केस मागे केले, पीठ पुसलं. असं तीन वेळा. तिसऱ्या वेळी कमलला शिंक आली आणि पोरगी हसली.

"दिसलं का, बाई? हितं एवढंच भूत हाय," प्रल्हाद तिला म्हणाला. "तुला जे होऊन राहिलं त्याला डॉक्टर हाय." दुकान बंद करून तो त्या दोघांना जीपने हिंगोलीच्या दवाखान्यात घेऊन गेला. फिट्स निघाल्या. गोळ्या सुरू झाल्या. पुढे त्या पोरीच्या लग्नाचं शूटिंग त्यानेच केलं.

इतकं सगळं असूनही एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही, किंवा उशिरा आली. कमलचं तोंड दिसत नव्हतं, पण गावाला ती माहीत होती.

सुषमा आमच्या शाळेत. नववीत असताना तिच्या बाकावर कुणीतरी कर्कटकाने कोरलं, हडळीची पोरगी. मी शिपायाला सांगून ते घासून घेतलं. आठवड्यात परत कोरलं. तिने घरी जाऊन आईला सांगितलं, आता ते बंद कर. कमल म्हणाली, "बंद केलं तर तुझ्या बापाला दुसरी कोणती बाई भेटंल गं?" हे सुषमानेच मला पुढे सांगितलं. सांगताना ती हसली नाही.

सुषमाचं लग्न होऊन ती आखाडा बाळापूरला गेली. २०२१ च्या पावसाळ्यात कमल किडनीच्या आजाराने गेली. नांदेडहून तिला घरी आणलं, अंगणात ठेवलं, वर पांढरं कापड. गल्लीतली लहान लेकरं बघायला आली होती. त्यातलं एक ते पांढरं कापड बघून ओरडलं, "हडळ, हडळ," आणि पळालं. त्याच्यामागे बाकीची पळाली. एका बाईने आपल्या पोराचे डोळे झाकले. सुषमा उशाशी बसलेली होती. तिने मान वर करून बापाकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर, आवाज न चढवता म्हणाली, "मरताना बी तिला भूतच ठेवलं तुमी."

त्यानंतर अडीच वर्षं ती गोरेगावला आली नाही. बापाचा फोन उचलला नाही. प्रल्हादने सिनेमे बंद केले. लग्नाची कामं करायचा, पण घरात शिरताना डोळ्यावर हात ठेवायचा बंद झाला. मला ते फार जाणवलं.

मग एका दुपारी तो कागद घेऊन माझ्याकडे आला. "क्लार्कसाहेब, एक बेरीज करून द्या. कमल ज्यात हाय असे एकशेबेचाळीस शॉट हायेत. दर कटानंतर धा सेकंद. किती?"

"चौदाशेवीस सेकंद. तेवीस मिनिटं चाळीस सेकंद."

त्याने आकडा कागदावर लिहिला. मग म्हणाला, "तेवीस मिनिटं ती भूत न्हाई."

तेव्हा मला कळलं. कट म्हटलं की कमल दोन्ही हातांनी केस मागे सारायची. त्या दहा आकड्यांत तिचं तोंड होतं.

चार महिने तो त्या डब्यांपुढे बसला. त्याने बारावा सिनेमा केला. एकतीस मिनिटांचा. नवीन शूटिंग फक्त स्वतःचं केलं, तेही आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे बसून. संपल्यावर मला म्हणाला, "लेकीनं व्हय म्हणल्याबिगर कुणाला दाखवायचा न्हाई. माझा फोन ती घेत न्हाई. तुमचा घेईल."

मी फोन केला, बापूने आईचा सिनेमा केलाय, माझ्या घरी येऊन बघ म्हणालो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, मी येते. पण आईला केस सोडून उभं केलं असंल, तर मी ते तिथंच फोडणार. तुमच्या घरात. चालंल का?"

मी तिचं म्हणणं प्रल्हादला जसंच्या तसं सांगितलं.

"फोडू दे," तो म्हणाला. "एकच पेनड्राइव्ह हाय. दुसरा काढला न्हाई, कम्प्युटरमधलं बी पुसलं. डबे बी तिलाच देतो. तिची माय हाय त्यात, माझ्या एकट्याची थोडीच हाय?"

रविवार, ११ फेब्रुवारी २०२४, सकाळी अकरा. माझी समोरची खोली. हजर : प्रल्हाद, सुषमा, सुमन आणि मी. टीव्हीखाली बिस्किटांचे सहा डबे. सुषमा दाराजवळच्या खुर्चीत बसली, पर्स मांडीवर, जशी परत निघायच्या तयारीने आलेली. बापाकडे तिने बघितलं नाही. सुमनने चहा आणला, तो तसाच राहिला.

एक माणूस घरात एकटा राहतो, अशी सुरुवात. तो स्वयंपाकघरात येतो, एक ताट घेतो, जेवायला बसतो. भिंतीकडे बघत जेवतो. मग कमल येते. कशी येते, तर काही नाही, नुसती येते. केस मागे सारत. गालावर, कपाळावर पीठ. आधीच्या अकरा सिनेमांत ते पीठ म्हणजे मेलेल्या बाईचा रंग होता. इथे तेच पीठ, तेच लुगडं, आणि मला दिसली ती भाकरी थापता थापता उठून आलेली बाई. वस्तू तीच. फक्त तोंड उघडं.

ती बोलत होती, त्या त्या वेळी कट झाल्यावर जे काही बोलली असेल ते. "पंखा लावा, जीव चाललाय." "दूध उतू जाईल, सुषमे, बघ गं." "ह्या लुगड्याला इस्त्री कुणी करायची आता?" "सुषमे, जेवलीस का?" तो माणूस तिला बघू शकत नाही. तो आपला जेवतोय. ती खोलीभर बघत पोरीला हाका मारतेय. पोरगी सिनेमात कुठेच नाही. तिच्यासाठी प्रल्हादने कुणाला घेतलंच नव्हतं.

मी सवयीने मोजत होतो. आधीच्या सिनेमांत सरासरी चार मिनिटांना एक किंचाळी असायची. यात एकही नाही. मग ते जेवण परत आलं. माणसाने एक ताट मांडलं. कॅमेरा चुलीकडे गेला, परत आला. ताटं दोन. तो जेवत राहिला. आणखी एकदा फिरून आला. ताटं तीन. पाचव्या सिनेमात एक ताट वाढलं तेव्हा मला वाटलं होतं, हे इथून जावं. इथे तिसरं ताट दिसलं आणि मी सुषमाकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते. तीही मोजत होती. बापाची लेक.

शेवटच्या शॉटमध्ये कमल एकटी. केस मागे सारते, मनगटाने गाल पुसते, पीठ आणखी पसरतं. सरळ कॅमेऱ्याकडे बघते.

"बंद झालं का?"

पलीकडून प्रल्हादचा आवाज, "न्हाई अजून."

"मग काय बघून राहिलात?"

ती हसते, मग बाजूला वळून म्हणते, "सुषमे, ये गं. आधी जेवून घे." आणि अंधार.

कुणी उठलं नाही. प्रल्हादची बोटं गुडघ्यावर एकेक करून टेकत होती. दहावं टेकलं तेव्हा त्याने टीव्ही बंद केला, पेनड्राइव्ह काढला आणि सुषमापुढे धरला. ती तो फोडणार असंच मला वाटलं, कारण पोरगी बोलल्याप्रमाणे करणारी आहे.

तिने तो घेतला. तळहातावर ठेवून बराच वेळ बघितला.

"ही म्हशीला ढेपेचे पैसे दिले त्या दिवसाची, गोठ्यातली हाय ना, शेवटची?" ती म्हणाली. "मी तिथंच होते. काका बी होते."

"व्हय," प्रल्हाद म्हणाला.

"तवा मी गेले न्हाई जेवायला. म्हशीपाशी बसून राहिले." मग ती पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. "बापू, लोकाला दाखवा. पण आधी आपल्या गल्लीत. आन् लेकरायला पुढं बसवा. समद्यात पुढं."

तसं त्याने पुढच्या रविवारी केलं. पुढच्या रांगेत मी मोजली, तेवीस लेकरं होती. अंगणातून ओरडत पळालेलं ते पोरगं आता आठ वर्षांचं, मधोमध बसलं होतं. "जेवलीस का" ला ते हसलं. शेवटपर्यंत एकही उठून गेलं नाही.

पण मला परत माझ्या घरी सिनेमा लावला त्या रविवारीच जायचं आहे. त्यानंतर प्रल्हाद मला भेटला नाही असं नाही. वर्षभराने तो झोपेतच गेला, तोवर रोज भेटायचा. तरी तो डोळ्यापुढे येतो तो जीपच्या थांब्यावरचा.

सुषमा बाळापूरला परतायला सेनगावच्या जीपमध्ये खिडकीशी बसलेली. सहा डब्यांतले तीन तिच्या पायाशी. अर्धे तिने त्याच्याकडेच ठेवले होते. जीप भरेपर्यंत दोघं बोलले ते जावयाच्या नोकरीचं आणि बाळापूरच्या पाण्याचं. ड्रायव्हरने गाडी सुरू केली तेव्हा प्रल्हादने खिशातून दहाच्या दोन नोटा आणि एक नाणं काढून खिडकीतून आत धरलं.

"मला काहून?" ती म्हणाली. "माझं तोंड कुठं दिसलं?"

"तुझं न्हाई. तिचं दिसलं."

तिने ते घेतलं, रुमालात बांधलं. जीप निघाली. प्रल्हादने डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि रस्त्याकडे बघत राहिला. जीप वळणाआड गेली, धूळ खाली बसली, तरी तो तसाच उभा. ओठ हलत होते. मीही त्याच्याबरोबर मोजले. दहा झाल्यावर त्याने हात खाली घेतला.

रक्कम रुपये एकवीस. कमल प्रल्हाद पाईकराव यांना. हस्ते सुषमा.